दुलारीच्या नावावरची बिमारी

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दुलारीला सडक अर्जुनीच्या स्टँडवरून नागपूरच्या गाडीत बसवून दिलं. तिच्या बहिणीची मुलगी प्रेरणा नागपूरला असते, तिचे दिवस भरत आलेत. बहीण वारलेली, म्हणून मावशीनं जायचं. महिना-दीड महिना लागेल म्हणाली. बाळंतपणाला इतके दिवस कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "पहिली खेप आहे जी. पोरगी एकटी आहे."

गेले आठ दिवस तिची नुसती आवराआवर चालू होती. तिखट कुटून डब्यात भरलं. मला चुलीपाशी बसवून भात कसा टाकायचा ते दाखवलं, दोनदा. पेटीची किल्ली दिली. कोणती साडी आमच्या लेकीला, योगेश्वरीला द्यायची तेही सांगितलं. मी म्हटलं, "महिन्याभरासाठी जाऊन राहिली का कायमची?" एरवी हसली असती.

वाळली आहे. नवरात्राचे उपास बाधले असतील.

पुढे जागा असून कंडक्टरनं तिला मागच्या सीटवर बसवलं. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून हे लोक त्यांना मागे ढकलतात, असा माझा संशय आहे. गाडीचा नंबर लिहून घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

आज माझ्या मोबाईलवर मेसेज आला, दुलारीच्या आधारला माझाच नंबर आहे. जसाच्या तसा उतरवून ठेवतो :

'दुलारी लखनलाल टेंभरे यांच्या उपचारास योजनेंतर्गत मंजुरी देण्यात आली आहे. उपचार : विकिरण. रुग्णालय : नागपूर.'

आमच्या घरात योजनेचं कार्डच नाही. गेल्या वर्षीपासून रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, सगळ्यांना पाच लाखांपर्यंत इलाज फुकट, असं पेपरात येऊन राहिलं आहे. आमची आशाताई शामकला त्यासाठी दोनदा दारात आली. आधार द्या, अंगठा द्या, मोबाईलपुढे तोंड करून डोळे मिचकावा. दोन्ही वेळा मी तिला परत पाठवलं. फुकट देणारा माणूस माझं तोंड कशाला मागेल? एकतीस वर्षं शाखा डाकघर चालवलं मी. खोटा कागद मला दुरून कळतो.

विकिरण म्हणजे काय ते मोबाईलवर पाहिलं. कॅन्सरवर मशीननं देतात ते. चोरानं बिमारीही मोठीच निवडली. साध्या तापाचं बिल ते किती होणार!

लगेच दुलारीला फोन लावला.

"तू कुठं आहेस?"

"प्रेरणाजवळ. काऊन जी?"

"दवाखान्यात गेली होतीस का?"

थोडा वेळ आवाज आला नाही. नेटवर्क. मग म्हणाली, "मले काय धाड भरली? तुमी जेवले का?"

मी मेसेजचं सांगितलं. म्हणाली, "असंच आलं असंल कोनाचं तरी. राहू द्या, कायले मागं लागता." भोळी आहे. तिला वाटतं मेसेज आपोआप येतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सौंदडला धनेंद्रच्या सेवा केंद्रात गेलो. त्यानं दुलारीचा आधार नंबर टाकला आणि निघालं! कार्ड आहे. १२ सप्टेंबरला काढलेलं. काढणाऱ्याच्या जागी शामकलाचं नाव. फोटोसुद्धा दुलारीचाच. मागे निळी भिंत, तशी भिंत आमच्या घरात नाही. डोळे सुजल्यासारखे दिसतात, रडून आल्यावर दिसतात तसे.

धनेंद्र म्हणाला, "काकाजी, चेहरा मॅच झाल्याशिवाय कार्ड निघतच नाही. काकू तिथं बसल्या असतील तेव्हाच निघालं."

मी म्हटलं, आजकाल कॉम्प्युटरवर मेलेली माणसंही बोलताना दाखवतात. त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. याला एका कार्डामागे काहीतरी मिळत असेल. त्यालाही ध्यानात ठेवलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शामकलाच्या घरी गेलो. ओसरीची भिंत निळी आहे.

ती तांदूळ निवडत होती. मला पाहून उठून उभी राहिली. मी सरळ विचारलं, "माझ्या घरवालीचं कार्ड तू काढलंस?"

"होय जी."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"कार्ड त्याईचं होतं, काकाजी."

"त्यावर नागपूरला कोणाचा इलाज चालू आहे?"

तिचं तोंड उतरलं. सूप खाली ठेवलं. "तुमी काकूले इचारलं का?"

"विचारलं. तिला काहीच माहीत नाही."

"असं म्हनल्या त्या?"

"असंच म्हणाली."

बराच वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तं मंग मले बी काही माहीत नाही."

चोर पकडला की असाच पाहतो. डाकघरात असे डोळे मी पाहिले आहेत. वाईट याचं वाटतं की हिच्या लग्नात दुलारीनं स्वतः हिला हळद लावली होती. गरीब घरची, नवरा हैदराबादला कामाला. कोणीतरी शहरातला माणूस हिला वापरत असणार. पण गुन्हा तो गुन्हा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दवाखानेवाल्यांची नस मला माहीत आहे. माझा थोरला भाऊ, भुवनेश्वरदादा, त्याच्या वेळी पाहिलं. आठ वर्षं झाली. रोज नवी तपासणी, रोज नवा डॉक्टर. मी प्रश्न विचारले तर कोणी धड उत्तर देईना. शेवटी अकराव्या दिवशी त्यांच्या नाकावर टिच्चून, कागदावर सही करून मी दादाला घरी आणलं. पाच दिवसांनी दादा गेला. निदान आपल्या अंगणात गेला. त्या लोकांच्या हातात असता तर आणखी हाल करून गेला असता.

चैत्रात दुलारीलाही काही बायकी त्रास होता. अंगावरून जाते म्हणाली. मी सांगितलं, या वयात होतं. दवाखान्यात गेलीस तर पिशवी काढायला लावतील, पलीकडच्या गावात निम्म्या बायकांच्या काढल्या. पुन्हा काही ती बोलली नाही. बरं वाटलं असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गोंदियाला जाऊन आलो. योजनेच्या कार्यालयात टेबलावर टीना नावाची मुलगी होती. तक्रार मी घरूनच लिहून नेली होती, चार मुद्दे : कार्ड परस्पर काढले, फोटो बनावट असण्याची शक्यता, रुग्ण खोटा, आशा कार्यकर्तीचा हात. एक प्रत तालुका आरोग्य कार्यालयासाठी.

टीनानं दोनदा वाचलं. "काकू स्वतः का नाही आल्या?"

"नागपूरला आहे. भाचीच्या बाळंतपणाला."

"नागपूरलाच?" तिनं मान वर केली. "काकाजी, पक्का है ना? एक बार दर्ज हुआ तो चौकशी होईपर्यंत इलाजावर रोक लागते."

"लागलीच पाहिजे," मी म्हटलं. "मी तिचा नवरा आहे. बेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. ती बिमार असती तर मला कळलं नसतं का?"

तिनं शिक्का मारून पोच दिली. शिक्का ठीक उमटला नव्हता, दुसरा मारून घेतला. परतीच्या गाडीत बरं वाटत होतं. निवृत्त झाल्यापासून असं कामाचं काही हातून झालं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मेसेज आला, 'उपचार तात्पुरते स्थगित.' म्हणजे माझ्या कागदानं काम केलं.

दुलारीला फोन केला तर दिवसाढवळ्या झोपली होती. म्हणाली, "आज कुठं जायचं नाही, म्हनून पडली."

"रोज कुठं जातेस?"

"बजारात."

प्रेरणाचं अजून काही नाही. डॉक्टरनं तारीख पुढे ढकलली म्हणे. बाळंतपणाच्या तारखाही आता हेच ठरवतात. मी म्हटलं, एक दिवस तिच्याशी बोलू दे. तर ती नेमकी आंघोळीला गेली होती. मागच्या वेळीही आंघोळीलाच गेली होती.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शामकलाला तालुक्यावरून काम थांबवायला सांगितलं. गावात कळलं आहे. काल दळणाला गेलो तर बायका बोलता बोलता थांबल्या. शेजारची रुख्माबाई रोज सकाळी ताक देते. आज तिनं भांडं ओट्यावर ठेवलं आणि हाक न मारता गेली. यांना काय वाटतं, मला एका आशाताईशी वैर आहे? उद्या यांच्याच नावावर ऑपरेशनं निघतील तेव्हा माझ्याकडे येतील.

दुपारी दुलारीचा फोन आला. स्वतःहून ती कधी लावत नाही.

"तुमी कुठं तक्रार केली का जी?"

तिला कसं कळलं कोण जाणे. योगेश्वरीनं सांगितलं असेल. मी सगळं सविस्तर सांगितलं, चारही मुद्दे, पोच, शिक्का. खोटी पेशंट आता काय करते पाहू, असंही म्हटलं.

ऐकत होती. मागे प्रेरणा काहीतरी मोठ्यानं बोलत होती, तिला दुलारीनं "राहू दे वं" म्हटलं. मग मला म्हणाली, "बरं केलं."

इतक्या दिवसांत माझ्या बाजूनं बोललेली ती एकटी.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लिहायचं नव्हतं. पण लिहितो.

अकराच्या सुमारास शामकला आली. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "काकाजी, मी काकूले शबद देल्ला होता. तो आज मोडून राहिली. मह्यावर अजून एक तक्रार करा."

मी वही-पेन घेऊन बसलो. खरंच घेऊन बसलो, ती कबुली देणार म्हणून.

"खोटी पेशंट कोनी नाही. काकूच हायेत त्या."

पोळा झाल्यावर ग्रामीण रुग्णालयात बायकांची तपासणी होती. शामकला गावातल्या नऊ जणींना घेऊन गेली. त्यात दुलारी होती. मला ती नवेगावला मासे घ्यायला जाते म्हणून सांगून गेली होती. मासे आणलेही होते. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर निघाला. रिपोर्ट आला त्या दिवशी शामकलाच्या निळ्या भिंतीखाली बसून रडली आणि तिथंच कार्ड काढलं. पंचवीस दिवस मशीनवर जायचं, रोज, शनिवार-रविवार सोडून. सहा झाले होते. मंगळवारपासून बंद आहे.

"मधात खंड नाही पडा लागत, काकाजी. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

शामकला दाराकडे वळली. "तिकडचे लोक म्हनतात, तक्रार ज्यानं केली त्याचाच कागद पाहिजे. काकू सही करून देऊन राहिल्या, ते चालत नाही. सकाळची गाडी आहे गोंदियाची."

ती गेल्यावर योगेश्वरीला फोन केला. तिला माहीत होतं. जावयाला माहीत होतं. प्रेरणाला बाळ होणारच नव्हतं. 'कळवू नका' हे एवढं सगळ्यांनी सांभाळलं. माझ्यासारख्या माणसाच्या घरात.

एक क्षण असंही वाटलं की हाही शामकलाचा नवा डाव असेल. ते वाटलं, म्हणून लिहून ठेवतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टीनानं मला ओळखलं. मी म्हटलं, "माझी तक्रार खोटी आहे. पेशंट खरी आहे." तिनं कोरा कागद पुढे केला. चार ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. आशा कार्यकर्तीचा दोष नाही, हेही लिहिलं.

"आजच्या आज नागपूरला कळेल का?"

"मी फोन पण करते, काकाजी. आप बैठो, पानी पियो."

या वेळी शिक्का पाहिलाही नाही. तिथूनच नागपूरची गाडी पकडली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल दिवेलागणीला प्रेरणाच्या घरी पोचलो. दार तिनं उघडलं. नमस्कारही केला नाही, बाजूला झाली.

दुलारी खाटेवर टेकून बसली होती. तीन आठवड्यांत माणूस इतका बदलतो. का आधीपासून अशी होती आणि मी गाड्यांचे नंबर लिहीत होतो?

"कोनी सांगतलं?" तिनं विचारलं. "शामकलानं?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगतलं असतं तं तुमी काय काय इचारलं असतं, मले पाठ आहे. डॉक्टर कुठं शिकला, मशीन कोनाची, रिपोर्ट अदलाबदल तं नाही झाला. अन् मंग एक दिवस सही करून मले घरी आनलं असतं."

"मी तुला—"

"भासऱ्याईले, तुमच्या दादाले, आनलं का नाही? मी आंगनात उभी होती जी. पाच दिवस पाहिलं मी त्याईले. पानी मांगत होते." ती दमली, थांबली. "मले तसं नव्हतं यायचं."

आठ वर्षांत ती यावर एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटायचं तिला पटलं आहे.

"मग फोनवर 'बरं केलं' काऊन म्हणालीस?"

"काय म्हनू मंग? थकली होती."

प्रेरणानं ताट वाढलं. जेवलो. दुलारीनं दोन घास खाल्ले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मशीन आज सुरू झालं. सहा वेळा हुकलं. डॉक्टरबाई तरुण आहेत. म्हणाल्या, हुकलेले पुढे वाढवून घेऊ, शिवाय थोडे जास्त द्यावे लागतील.

"या खंडानं नुकसान किती झालं?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येणार. संपल्यावर तीन महिन्यांनी तपासू, तेव्हा कळेल."

काहीतरी लपवतात, असं मनात आलंच. पण त्यांना खरंच माहीत नसेल, असंही असू शकतं. हे दुसरं मला आजवर सुचत नव्हतं.

बाहेर आल्यावर दुलारी म्हणाली, "तुमी गावी जा. धान कापून शेताच्या बांधीत पडलं आहे."

"धानाचं शेजारी पाहतील."

"जा म्हनते तं जा. तुमी इथं बसले का मले धाकधूक होते. कवा उठून काय कराल."

मी म्हटलं, जातो. मग शामकलाचं विचारलं. कागदावर मी सगळं मागे घेतलं, पण गावात तिचं नाव खराब झालं ते झालंच. ते धुवायचं तर दुलारीची बिमारी सांगावी लागते, आणि ती बायकांची बिमारी, लोक कसे बोलतात माहीत आहे.

दुलारी पदराचं टोक चाळवत राहिली. मग म्हणाली, "सांगा. माहं नाव घेऊन सांगा. त्या पोरीनं मह्यासाठी शिव्या खाल्ल्या."

२ डिसेंबर, मंगळवार

ग्रामपंचायतीत आज कार्ड काढायचं शिबिर होतं. शामकलाला शनिवारी परत कामावर घेतलं, तीच बसली होती. पन्नासेक माणसं असतील. मी उभा राहिलो आणि सांगितलं. दुलारीला काय झालं आहे, कुठे इलाज आहे, मी कोणती तक्रार केली, त्यानं तिचा इलाज आठ दिवस बंद कसा राहिला. बिमारीचं नाव घेताना पुरुषांनी खाली पाहिलं. बायकांनी पाहिलं नाही.

"शामकलाची काही चूक नव्हती," मी म्हटलं. "माझी होती."

टाळ्या वगैरे काही नाही. एक म्हातारी म्हणाली, "आता सांगून राहिले!" खरं आहे.

शामकला मोबाईलमध्ये पाहत होती. विचारलं, "तुमचं कार्ड काहाडाचं आहे का, काकाजी?" मी आधार काढून दिलं. तिनं मला रांगेच्या अगदी शेवटी बसवलं. दोन तास बसलो. डोळे मिचकावा म्हणाली, मिचकावले. तिसऱ्या वेळी घेतलं.

नंतर रुख्माबाई आणखी तिघींना घेऊन तिच्याजवळ हळूच काही विचारत होती. तपासणी पुन्हा कधी आहे, असं कानावर आलं. मी तिथून निघून आलो.

७ डिसेंबर, रविवार

धान मळून झालं. योगेश्वरीचा फोन, "आई म्हणते, यायचं असंल तं या." एवढंच म्हणाली का आणखी काही, असं विचारणार होतो. नाही विचारलं. तिखटाचा डबा बांधून ठेवला, दुलारीला शहरातलं चालत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळच्या गाडीनं आलो, सरळ दवाखान्यातच गेलो. दुलारी बाकावर होती. मला पाहून थोडी सरकली. मी शेजारी बसलो. इथली सगळी माणसं एकमेकांना ओळखतात. कोणाचे किती राहिले ते सगळ्यांना पाठ. तिचे अजून पंधरा आहेत.

आत जाताना अंगावरचे सगळे दागिने काढून ठेवावे लागतात. रोज ती ते देवरीकडच्या एका बाईच्या हातात देऊन जाते, असं प्रेरणानं सांगितलं होतं. आज नाव पुकारलं तेव्हा ती उठली आणि त्या बाईला शोधत इकडेतिकडे पाहू लागली. बाई आधीच आत गेली होती. सिस्टरनं पुन्हा नाव घेतलं. दुलारी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, वाकून जोडवं काढलं, सगळं रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि आत गेली.

मी रुमाल दोन्ही हातांत धरून बसलो. दाराच्या वर लाल दिवा लागला. किती मिनिटं लागतात, आत कोण असतं, दिवा मध्येच विझला तर काय, हे सगळं विचारायला सिस्टर समोरच होती. विचारलं नाही.

दुलारी बाहेर आली. भिंतीला धरून चालत होती. एकेक वस्तू तिच्या हातात दिली. जोडवं एकच होतं.

"दुसरं?" मी म्हटलं.

"हरवलं मागंच."

"बरं," म्हटलं, आणि तिला धरून रिक्षापर्यंत आणलं.